पंचवीस ऐकलं, बावन्न लिहिलं: मुलांना रक्कम वाचायला-लिहायला शिकवताना

इंदूरच्या मराठी घरातलं पहिली-दुसरीतलं मूल एकाच दिवसात एकाच रकमेची तीन नावं ऐकतं. आजी ‘पंचवीस’ म्हणते, मालवा मिलच्या मंडीतला भाजीवाला ‘पच्चीस’ म्हणतो आणि शाळेतल्या मॅडम ‘ट्वेंटी फाइव्ह’. पहिल्या दोन नावांत पाच आधी ऐकू येतात, तिसऱ्यात वीस. कागदावर मात्र २ आधी आणि ५ नंतर. अशा मुलानं ५२ लिहिलं तर त्याचं गणित कच्चं आहे असं समजू नका. कानावर जे ज्या क्रमानं पडलं, ते त्यानं त्याच क्रमानं उतरवलं.

म्हणून शिकवण्याची रीत अशी ठेवायची: रक्कम ऐकायची, ती नोटा-नाण्यांनी मांडायची, आणि मांडलेलं बघून लिहायची. वाचतानाही तसंच, आधी आकडा बघून पैसे मांडायचे, मग तोंडानं नाव घ्यायचं. बहुतेक घरांत मधली पायरी गाळली जाते, कारण मोठ्यांना ती लागत नाही. पुढे सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच निघतात.

या लेखातले आकडे देवनागरीत आहेत. मुलाला सराव देताना मात्र त्याच्या शाळेत जे आकडे लिहितात तेच वापरा. दोन्ही प्रकारच्या आकड्यांमुळे काय गोंधळ होतो ते पुढे येईलच.

किती आणि कधी

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात (२०२१) पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंत, दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंत आणि तिसरीच्या अखेरीस ९,९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात असं ठरवलेलं आहे. रकमांसाठीही हाच अंदाज धरा. चार-पाच वर्षांच्या मुलाला नोट ओळखता आली आणि दहापर्यंत नाणी मोजता आली की पुष्कळ झालं. दिवसाला दहा मिनिटं घ्या. वीस मिनिटं घेतलीत तर शेवटची दहा चिडचिडीत जातात.

आकडे उलटे, आरशातल्यासारखे काढणं सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसतं. त्यावरून टोकू नका. तोच आकडा तुमच्या वहीत नीट काढून दाखवा आणि पुढे चला. २५ च्या जागी ५२ येणं ही वेगळी चूक आहे, ती मात्र सोडायची नाही.

सामान

एक रुपयाची २० नाणी, दहाच्या १० नोटा, शंभरच्या ५ नोटा. सगळे मिळून ६२० रुपये. एवढ्यात ५९९ पर्यंतची कोणतीही रक्कम मांडता येते. दहाची नाणी न घेता नोटाच घ्या, म्हणजे एकक नाण्यांत आणि दशक कागदात असा फरक डोळ्यांना दिसतो. दहाच्या इतक्या नोटा घरात नसतील तर बँकेत सुट्टे मागा. दोनच्या, पाचच्या नाण्यांना आणि वीस, पन्नास, दोनशे, पाचशेच्या नोटांना तूर्त डब्यात ठेवा. त्या सुरुवातीलाच पुढे आल्या तर मूल ‘किती नोटा’ आणि ‘किती रुपये’ यांत अडकतं.

रोज मांडणी झाली की पैसे मोजून परत डब्यात टाकायचे, आणि हे मोजणं मुलानंच करायचं. तोही सरावच आहे.

खरे पैसे मुलाच्या हातात द्यायचे नसतील तर साध्या कार्डांवर १००, १०, १ लिहा. खऱ्या नोटांच्या रंगीत झेरॉक्स काढू नका. चलनी नोटेसारखा दिसणारा कागद तयार करणं कायद्यानं गुन्हा आहे, हेतू कितीही शैक्षणिक असो. दुकानात मिळणाऱ्या खेळण्यातल्या नोटा चालतात, पण त्यांत खऱ्या व्यवहारात नसलेल्या किमतींच्या नोटाही असतात. त्या आधी काढून टाका.

एक कोरा कागद आडवा धरून त्याचे तीन रकाने करा. उजवीकडे १, मध्ये १०, डावीकडे १००. हा मांडणीचा कागद. पेन्सिलीइतकाच तो महत्त्वाचा आहे.

शिवाय कार्डांचा एक संच करायचा. जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम, जाड असतात आणि एक बाजू बहुधा कोरी. एका अंकाला ४ सेंमी रुंदी धरा, उंची सगळ्यांची ६ सेंमी. एककाची नऊ कार्डं (१ ते ९) ४ सेंमी रुंद, दशकाची नऊ (१० ते ९०) ८ सेंमी, शतकाची नऊ (१०० ते ९००) १२ सेंमी. एकूण २७. ही कार्डं एकावर एक, उजवी कड जुळवून ठेवायची असतात. २०० वर ३० आणि त्यावर ५ ठेवलं की शून्यं झाकली जातात आणि २३५ दिसतं. रुंदी कमीजास्त झाली तर शून्य अर्धवट डोकावतं आणि सगळी गंमत जाते, त्यामुळे पट्टी घेऊनच कापा.

नोटा-नाणी ओळखणं

मुलं नोट रंगावरून ओळखतात आणि तिथेच फसतात. आताची शंभरची नोट फिकट जांभळी आहे, पण जुन्या मालिकेतली पन्नासचीही जांभळटच होती, आणि ती अजून चालते. नवी वीसची हिरवट पिवळी, नवी दोनशेची झळझळीत पिवळी. संध्याकाळच्या दिव्यात या दोघींची अदलाबदल मोठी माणसंही करतात. म्हणून पहिल्या दिवसापासून सवय लावा ती कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवायची. दुसरी खूण लांबीची: वीसची नोट १२९ मिमी, दोनशेची १४६ मिमी. एकीवर दुसरी ठेवली की फरक दिसतो. मागचं चित्रही मदतीला येतं. वीसवर वेरूळची लेणी, दोनशेवर सांचीचा स्तूप. सांची तर आपल्याच मध्य प्रदेशातलं, त्यामुळे ते मुलांच्या लवकर लक्षात राहतं.

नाण्यांचा घोळ याहून वाईट. ‘मोठं नाणं म्हणजे जास्त पैसे’ असं मूल धरून चालतं, आणि आपली नाणी ते खोटं पाडतात. अंगठ्याचं चित्र असलेला जुना एक रुपया २५ मिमीचा आहे, तर नव्या मालिकेतलं दोनचं नाणं २३ मिमीचं. दहाचं आणि वीसचं दोन्ही २७ मिमीची, फक्त वीसचं बारा कडांचं. घरातली सगळी चिल्लर ताटात ओता आणि मुलाला आकड्यावरून ढीग करायला सांगा, आकारावरून करू देऊ नका. अंगठ्याचं नाणं एकाचं, दोन बोटांचं दोनाचं ही जुन्या नाण्यांवरची सोय लहान मुलांना फार आवडते.

मांडणं आणि लिहिणं: पहिले पंधरा दिवस

सुरुवात एक अंकी रकमांनी नको, ती मुलाला येतेच. थेट ३० पासून सुरू करा. तीस, चाळीस, पन्नास: दहाच्या तीन, चार, पाच नोटा मधल्या रकान्यात. उजवा रकाना रिकामा. रिकाम्या रकान्याखाली ० लिहायचं, आणि लिहिताना मोठ्यानं म्हणायचं, ‘सुट्टा एकही नाही.’ हे वाक्य आता कंटाळवाणं वाटलं तरी पुढे एकशे पाचला तेच कामाला येणार आहे.

मग ३४, ४६, ५२ अशा रकमा. इथे एक नियम कडक पाळा: नाव पूर्ण ऐकून होईपर्यंत पेन्सिल कागदाला टेकवायची नाही. ‘चौतीस’ ऐकलं की मूल ‘चौ’ला लगेच ४ काढतं. त्याचा हात आधी नोटांकडे जायला हवा. तीन नोटा मांडल्या, चार नाणी मांडली, आता डावीकडून उजवीकडे बघून लिही. काही जण मुलाला ४ आधी उजव्या घरात लिहून मग ३ डावीकडे लिहायला शिकवतात. दोन अंकी रकमेत ते चालून जातं. एकशे चौतीसला मात्र १ डावीकडे, मग ४ उजवीकडे, मग ३ मध्ये अशी उड्या मारायची पाळी येते. ती सवय न लावलेलीच बरी.

फार अडत असेल तर कुबडी म्हणून ‘तीस चार म्हणजे चौतीस’ असं जोडीनं म्हणा. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आणली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. आमच्या मते कुबडी म्हणून ती रीत चांगली, पण तिथेच थांबायचं नाही. बाजारात कुणी ‘तीस चार रुपये’ मागत नाही, आणि मुलाच्या कानाला चौतीस कळायलाच हवं.

इंदूरच्या मुलांसाठी एक हुकमी आकडा आहे: छप्पन. छप्पन दुकान ही इंदूरची खाऊगल्ली कोणाला माहीत नाही? मराठीत छप्पन, हिंदीतही छप्पन. त्या ५६ वरून सुरू करा: पाच नोटा, सहा नाणी, आणि नावात सहा आधी. एक नाणं वाढवलं की सत्तावन्न, एक काढलं की पंचावन्न. पन्नाशीतली नावं मुलांना जड जातात, ती या खुंटीला टांगून पटकन बसतात.

एकोणच्या आठ रकमा

२९ सांगितलं तर ३१ किंवा ३९ येतं. ३१ का? ‘एकोणतीस’मध्ये एक आणि तीस ऐकू येतात. ३९ का? शेवटी नऊ असतो हे मुलाला अंधुक आठवतं आणि तीस तर त्यानं स्पष्ट ऐकलेलं असतं. ‘एकोण’ म्हणजे एकानं उणे, हे पाठ करून घेण्यात अर्थ नाही. करून दाखवायचं:

दहाच्या तीन नोटा मांडा. ‘तीसला एक कमी कर’ म्हणा. नोटेतून एक रुपया काढता येत नाही, म्हणून मूल अडतं, आणि त्याला अडू द्यावं. मग एक नोट मोडून दहा नाणी द्या. त्यातलं एक काढून घेतलं की उरतात दोन नोटा आणि नऊ नाणी. आता लिही. असं प्रत्येक एकोणला करायचं: १९, २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९. आठच आहेत, आठ दिवस द्या, दिवसाला एक.

९९ ला ‘एकोणशंभर’ म्हणत नाहीत, नव्व्याण्णव म्हणतात. हा अपवाद मुलांना उगीच समजावत बसू नका. ९९ आणि १९९ दुकानांच्या पाट्यांवर इतक्यांदा दिसतात की सवयीनंच बसतात. हिंदीत ही गाडी एक स्टेशन आधीच वळते. ७९ ला ‘उनासी’, पण ८९ ला ‘नवासी’. दोन्ही कानाला सारखे वाटतात, आणि बाजारात या दोघांत दहा रुपयांचा फटका बसतो. या जोडीचा हिंदीतूनच वेगळा सराव घ्या.

शंभराच्या पुढे: १००५ कुठून येतं

‘एकशे पाच’ला १००५ आणि ‘दोनशे पस्तीस’ला २००३५ लिहिणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. मूल ऐकू येईल ते एकापाठोपाठ लिहितं: दोनशेचं २००, पस्तीसचं ३५. ‘किती शून्यं घातलीस!’ म्हणून ओरडलं तर ते पुढच्या वेळी कुठलं तरी शून्य खोडतं, आणि ते चुकीचं असण्याची शक्यता तितकीच असते.

इथे कार्डं काढा. २०० चं कार्ड ठेव, ३० चं त्याच्यावर, ५ चं त्याच्यावर. कार्डं बाजूबाजूला ठेवली तर २०० ३० ५ दिसतं, एकावर एक ठेवली तर २३५. मुलाला दोन्ही करून बघू द्या, पाच-सहा वेळा. शून्यं गेलेली नाहीत, खाली झाकलेली आहेत, हे वर उचलून बघण्यात त्यांना विलक्षण मजा वाटते. मग १०० आणि ५. मध्ये दशकाचं कार्डच नाही, त्यामुळे शून्य उघडं राहतं: १०५. मांडणीच्या कागदावर मधला रकाना रिकामा, खाली ०, तोंडानं ‘दहाची एकही नाही’.

नंतर या तिघांना एका दिवशी एकत्र आणा: १०५, १५०, ११५. आणि दुसऱ्या दिवशी २०५, २५०, २१५. बोलताना यांत सगळीकडे पाचाचा वास येतो, त्यामुळे कान इथेच सर्वांत जास्त फसतो. तिन्ही न चुकता जमेपर्यंत पाचशेच्या पुढे जाऊ नका.

एक छोटी अडचण मराठीचीच. १०० ला शंभर, पण १०१ ला एकशे एक. मूल ‘शंभर एक’ म्हणतं. चूक दाखवण्यापेक्षा उत्तरात योग्य शब्द वापरा: ‘हो, एकशे एक.’ चार दिवसांत सुधारतं.

दीड, अडीच आणि साडेतीन

हे शब्द पुस्तकात उशिरा येतात, बाजारात पहिल्या दिवशी. ‘भिया, ये कित्ते का?’ विचारलं की उत्तर ‘ढाई सौ’ येतं, कुणी ‘दो सौ पचास’ म्हणत बसत नाही. घरीही आजोबा सव्वाशेच म्हणतात.

शंभरचं एक चौकोनी कार्ड घ्या आणि चार सारखे तुकडे करा. प्रत्येकाच्या मागे २५ लिहा. एक तुकडा पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. अशी दोन-तीन कार्डं अखंड आणि एक कापलेलं असलं की सगळी नावं मांडता येतात: पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, सव्वादोनशे २२५, अडीचशे २५०, पावणेतीनशे २७५. ‘पावणे’ला मुलं पाव वाढवतात आणि पावणेदोनशेचे २२५ करतात. तिथे दोन पूर्ण कार्डं मांडून एकाचा पाव तुकडा उचलून नेला की कळतं.

‘साडे’ तीनपासून सुरू होतं: साडेतीनशे ३५०, साडेचारशे ४५०. साडेएक, साडेदोन म्हणायची पद्धत नाही, कारण त्यांची जागा दीड आणि अडीचनं घेतली आहे. आणि ‘शे’कडे लक्ष वेधा. साडेसात म्हणजे ७ रुपये ५० पैसे, साडेसातशे म्हणजे ७५०. शेवटचं एक अक्षर खाल्लं की रक्कम शंभर पटींनी पडते.

भाजीबाजारात आणखी एक खड्डा आहे. ‘ढाई सौ ग्राम’ आणि ‘ढाई सौ रुपये’ यांत मूल फरक करत नाही. धणे ढाई सौ ग्राम घेतले तर वहीत २५० रुपये लागतात. वजन आणि किंमत दोन वेगळ्या रकान्यांत लिहायची सवय लावा. पाव किलोचा भाव सांगणारे आणि किलोचा सांगणारे एकाच ओळीत बसलेले असतात, तेही त्या रकान्यात टिपता येतं.

तीन भाषा, एक ढीग

कोणती भाषा आधी? घरात जी बोलता ती. मराठीतून ९९ पर्यंत नीट झालं की हिंदी नावं त्याच नोटांच्या ढिगावर ठेवा. शब्दाला शब्द जोडून (‘एकोणसाठ म्हणजे उनसठ’) पाठ करून घेतलंत तर मूल दोन्ही विसरतं. ढीग मांडा आणि विचारा, ‘याला भाजीवाला काय म्हणेल? मॅडम काय म्हणतील?’ एका बैठकीत दोनच भाषा, तीन नाहीत.

कानाला फसवणाऱ्या जोड्या काढून ठेवा: सात-साठ, सतरा-सत्तर, पंचावन्न-पंच्याण्णव, अठ्ठावन्न-अठ्ठ्याण्णव. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं याच बोलायच्या आणि मुलानं नोटा उचलायच्या.

१५ म्हणजे 94?

शाळेत 1, 2, 3 शिकलेल्या मुलाला पंचांग किंवा आजोबांची हिशेबाची वही दाखवा. देवनागरी १ त्याला 9 वाटतो, ५ त्याला 4 वाटतो. म्हणजे १५ रुपये वाचले जातात चौऱ्याण्णव. ७ हा उलटा 6 दिसतो, ६ हा उलटा 3, आणि ४ हा वरून उघडा 8. फक्त ०, २, ३ जवळजवळ सारखे.

दोन्ही एकदम शिकवू नका. शाळेचे आकडे पक्के झाल्यावर, साधारण दुसरीत, देवनागरी फक्त वाचायला द्या. सर्वांत सोपं पुस्तक म्हणजे नोटच: आताच्या नोटांवर किंमत दोन्ही आकड्यांत छापलेली असते. मागच्या बाजूच्या पंधरा भाषांच्या पट्टीत मराठी वरून आठवी. कोकणी, नेपाळी आणि संस्कृतही देवनागरीतच असल्यामुळे मूल आधी चुकीच्या ओळीवर बोट ठेवतं. ‘पन्नास रुपये’ ही ओळ शोधून काढणं वाचनाचा फक्कड खेळ आहे.

चिन्ह, टिंब आणि पैसे

रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं. ‘र’ काढायचा आणि वर दोन आडव्या रेघा. मुलं चिन्ह आकड्याच्या मागे लावतात (५०₹), कारण बोलताना रुपये मागून येतात. ते पुढे लावायचं. जुन्या पद्धतीनं रु. ५०/- लिहिलं तरी चालतं. ती शेवटची रेघ मागाहून कुणी आकडा वाढवू नये म्हणून असते, हे सांगितलं की मुलं ती कधी विसरत नाहीत.

बिस्किटाच्या पुड्यावर ₹१०.०० छापलेलं असतं आणि मूल ते ‘एक हजार’ वाचतं. टिंब त्याला दिसतच नाही. उपाय साधा: टिंबाच्या उजवीकडचं बोटानं झाकायचं आणि उरलेलं वाचायचं. तिसरीपर्यंत एवढं पुरे.

पैसे शिकवायची घाई करू नका. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ५० पैशांचं नाणं कायद्यानं चालतं, पण हातात येत नाही. पैसे आता विजेच्या बिलात आणि पेट्रोल पंपाच्या काट्यावर राहतात. मूल चौथीत गेलं की तिथलेच आकडे वाचायला द्या. तेव्हा एक गोष्ट पक्की करा: टिंबानंतर नेहमी दोन घरं. कॅलक्युलेटर १२.५ दाखवतो आणि मूल ‘बारा रुपये पाच पैसे’ वाचतं. रुपयांत ते १२.५० लिहायचं, पाच पैसे असते तर १२.०५. मोठ्यांच्या भाषेत पैशांना ‘पॉइंट फिफ्टी’ म्हणणं टाळा, ‘पन्नास पैसे’ म्हणा.

अक्षरी लिहिणं

आकडा आणि अक्षरं जुळत नसतील तर धनादेशावर अक्षरी रक्कम धरतात. १८८१ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. म्हणून ‘अक्षरी’ ही ओळ. मुलाला गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावती दाखवा, तिच्यावर दोन्ही असतं.

आधी एक ते वीस, मग तीस, चाळीस ते नव्वद, मग शंभर आणि दोनशे ते नऊशे एवढेच शब्द लिहायला द्या. ‘शे’ आधीच्या शब्दाला जोडायचा, पुढचा शब्द सुटा: दोनशे पस्तीस. ‘रुपये’तला रु ऱ्हस्व, आजूबाजूच्या फलकांवर ‘रूपये’ इतकं दिसतं की तेच बरोबर वाटू लागतं. चौऱ्याहत्तर आणि शहाऐंशीचं शुद्धलेखन तिसरीआधी मागू नका.

घराबाहेर

दोन-चार आठवड्यांनी मोठ्या नोटा डब्यातून काढा. वीसची नोट दहाच्या दोनांवर ठेवून, पन्नासची पाचांवर ठेवून बदलायची, आणि ‘बंदे शंभर मोडून दे’ हा खेळ खेळायचा. मोड परत घेताना वजाबाकी न करता वर मोजत जायचं: पासष्ट झाले, शंभर दिले, पाच घातले सत्तर, दहा घातले ऐंशी, वीस घातले शंभर.

दुकानातलं पैसे आल्याचं सांगणारं यंत्र म्हणजे फुकटचं श्रुतलेखन. ते हिंदीतून ‘एक सौ पैंतीस रुपये’ म्हणालं की मुलानं चिठ्ठीवर लिहायचं आणि तुमच्या फोनवरच्या आकड्याशी ताडायचं. फोनवर रक्कम टाकायलाही द्या. टाकल्यावर त्यानं मोठ्यानं वाचायची, तुम्ही बघायची, आणि पिन तुम्हीच टाकायचा. एक शून्य जास्त पडणं ही इथली नेहमीची चूक, आणि ती वाचून दाखवल्याशिवाय पकडली जात नाही.

सगळ्यांत चांगला सराव मुंजीत किंवा लग्नात मिळतो. आहेराचे आकडे सगळे शेवटी एक असलेले: ५१, १०१, २५१, ५०१, १,१०१. मधल्या शून्याची परीक्षा इथेच होते. पाकीट दुसऱ्या कुणी उघडायचं, रक्कम तोंडी सांगायची, मुलानं यादीत लिहायची आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. ते ऐकताना पाकीटवाल्यानं पैसे पुन्हा बघायचे. यादीच्या वहीत रकमेच्या रकान्याला उजवीकडे एक उभी रेघ मारून द्या आणि प्रत्येक रकमेचा शेवटचा अंक त्या रेघेला टेकवायला सांगा. मुलं डावी कड जुळवतात. मग ५१ मधला ५ आणि ५०१ मधला ५ एकाखाली एक येतात आणि बेरीज करणारे काका डोक्याला हात लावतात.